गोंदण आणि नोकरी : रायगडच्या किनाऱ्यावरील एका खुणेचा इतिहास

आमच्या विभागात लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना एक काम नेमाने दिले जाते. आपल्या घरातील किंवा गावातील वृद्ध स्त्रियांच्या अंगावरील गोंदण पाहायचे, त्याची आकृती कागदावर उतरवायची आणि ते कोणी, कोठे, कोणत्या वयात गोंदले हे विचारून लिहून आणायचे. अलिबाग, थळ, चौल, रेवदंडा, मुरूड, उरण या पट्ट्यातून आलेल्या अशा वह्या आमच्या कपाटात साठल्या आहेत. तुळशीवृंदावन, विंचू, चंद्रकोर, पाच टिंबे, हनुवटीवरचा एकच ठिपका, भावाचे नाव. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, हा समज जवळजवळ प्रत्येक वहीत कोणा ना कोणा आजीच्या तोंडी आढळतो.

काही वर्षांपूर्वी हे काम करणाऱ्या एका आगरी विद्यार्थिनीच्या स्वतःच्याच अंगावर गोंदण होते. नवव्या वर्षी चौलच्या दत्ताच्या जत्रेत आजीने हौसेने तिला बसवले होते. हनुवटीवर ठिपका आणि उजव्या हातावर एक वेल, एवढेच. एम.ए. झाल्यावर किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रिसेप्शनवरील जागेसाठी तिला मुलाखतीचे बोलावणे आले. आदल्या दिवशी ती आम्हांला भेटायला आली. इंग्रजी कसे बोलावे, कागद कोणते न्यावेत, हे सांगून झाल्यावर आम्ही म्हणालो, "लांब बाह्यांचा पोशाख घाल." ती हसून म्हणाली, "आणि सर, हनुवटीचं काय करू?"

नोकरी तिला मिळाली, पण लाँड्री विभागात. तेथे पाहुणे येत नाहीत, त्यामुळे हरकत नाही, असे तिला सांगण्यात आले. तिने हे आम्हांला तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. अस्वस्थ झालो ते आम्ही, आणि हॉटेलपेक्षा स्वतःच्या सल्ल्यामुळे अधिक. जे गोंदण वर्गात 'सांस्कृतिक संचित' म्हणून आम्ही शिकवत होतो, तेच वर्गाबाहेर झाकण्याची सूचना आम्हीच दिली होती. या विसंगतीची मुळे शोधताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडावासा वाटतो.

प्रथम हे लक्षात घ्यावे लागते की, या किनाऱ्यावर गोंदण पुष्कळ जुने असले तरी गोंदणाची अडचण तितकी जुनी नाही. मासेमारी, मिठागर आणि खारवटातील भातशेती या तीन कामांवर येथील कोळी-आगरी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या जगली. तांडेल होडीवर खलाशी घेताना हात पाहतो, तो दोराने पडलेले घट्टे पाहण्यासाठी. माणूस कोणत्या घरातला, त्याचा बाप कोणाच्या होडीवर होता, हे त्याला आधीच ठाऊक असते. १८७५ साली ससून डॉक सुरू झाले; तेथे असो वा अलिबागच्या बाजारात, टोपली घेऊन बसलेल्या कोळिणीला तिच्या मनगटावरील विंचवाचा जाब कोणी विचारला नाही. गिऱ्हाईक म्हावरा पाहते. काम देणारा आणि करणारा एकाच गावकीतले असतात, किंवा काम करणारी स्वतःच आपली मालकीण असते, तेव्हा अंगावरची खूण ओळखीच्या माणसांतच वाचली जाते. तिचा अर्थ लावण्यात चूक होत नाही, कारण वाचणाऱ्याच्या घरातही तीच खूण असते.

ही खूण अनोळखी नजरेसमोर आली ती राज्ययंत्रणेमुळे. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत बंगाल इलाख्यात १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्ह्याचा तपशील गोंदला जाऊ लागला. पुढे मद्रास इलाख्यातही ही पद्धत आली. सरकारी कागदपत्रांत या शिक्षेला 'गोदना' हाच देशी शब्द वापरलेला आहे. पुष्कळ कैदी फेटा कपाळावर ओढून किंवा केस वाढवून ती अक्षरे लपवीत. १८४९ साली ही शिक्षा बंद झाली. पण जी क्रिया आई-आजी लेकीसाठी करवून घेत, तीच सरकारने गुन्हेगाराच्या कपाळी लिहिली, ही घटना विसरण्याजोगी नाही. सुई तीच आणि काजळीही तीच होती. बदलला होता तो लिहिणारा.

त्यानंतरचे पाऊल अधिक सौम्य, पण दूरगामी होते. आजच्या रायगड जिल्ह्याला हे नाव १९८१ साली मिळाले. त्यापूर्वी तो कुलाबा जिल्हा. कुलाबा-जंजिऱ्याचे गॅझेटियर १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्यात येथील जातीजमातींची बांधा, वर्ण, पोशाख, दागिने अशी क्रमवार वर्णने आहेत. माणूस पाहून त्याची जात आणि जातीवरून त्याची लायकी ओळखता यावी, हा त्या नोंदींमागील प्रशासकीय हेतू होता. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी स्थापन झाली आणि ओळख पटवण्याचे शास्त्र पुढे सरकले. तरीही 'अंगावरील ओळखीच्या खुणा' हा रकाना सरकारी सेवापुस्तकात टिकून राहिला. आमच्यापैकी एकाच्या सेवापुस्तकात डाव्या भुवईवरील व्रणाची नोंद आहे. नोकरी देताना शरीरावरची खूण आस्थेने लिहून घेणारी व्यवस्था आणि खुणेमुळे नोकरी नाकारणारी व्यवस्था एकाच घराण्यातल्या आहेत. खूण असावी, पण ती आमच्या रकान्यात मावावी, अशी या घराण्याची रीत आहे.

गोंदणाऱ्या हातांचे काय झाले, हाही याच इतिहासाचा भाग आहे. गोंदण हा काही स्त्रियांचा रोजगार होता. फिरत्या जमातींतील बाया सुया आणि काजळी घेऊन गावोगाव हिंडत. मोबदल्यात धान्य, जुने लुगडे, थोडे पैसे घेत. उत्तरेकडे नट, कंजर अशा जमातींच्या बायका हे काम करीत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक फिरत्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. तो रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) वाचलेल्यांना हे सांगायला नको की, कायदा गेला तरी शिक्का गेला नाही. दुसऱ्यांच्या अंगावर शुभचिन्हे उमटवणाऱ्या बाया ज्या वर्गातून येत, त्याच वर्गाच्या कपाळी राज्यसंस्थेने न दिसणारे गोंदण उमटवले. आज शहरांत वातानुकूलित दुकानातून हेच काम कला म्हणून प्रतिष्ठेने चालते आणि त्याचा दर तासावर ठरतो. जत्रेतला यंत्रवाला मात्र अजूनही झाडाखालीच बसतो.

टोचण्याची गोष्ट याहून वेगळी नाही. कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक. पेशवाईतील कर्त्या पुरुषांच्या कानात भिकबाळी असे, आणि तिच्यामुळे कोणाच्या कारभारीपणाला उणेपणा आला नाही. पुढे इंग्रजी शिकून कचेरीत जाणाऱ्या पिढ्यांनी कान मोकळे ठेवले. त्यासाठी कायदा करावा लागला नाही, साहेबाची नजर पुरेशी होती. आता तीच भिकबाळी ढोलपथकातले तरुण अभिमानाने घालतात आणि सोमवारी कामावर जाताना काढून ठेवतात. कानातले काढता येते, गोंदण काढता येत नाही, एवढाच काय तो फरक.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच उपस्थित करतो. खूण पुसणे म्हणजे नेहमीच अपमान असतो काय? याच जिल्ह्यातील महाड येथे डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांसमोर भाषण केले. लुगडे नेसण्याची विशिष्ट तऱ्हा, गळ्यात आणि हातापायांत घातलेले ते कथलाचे व चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळखपत्रे आहेत, ती टाकून द्या, असा त्या भाषणाचा आशय होता. स्त्रियांनी तो तत्काळ अमलातही आणला. जी खूण इतरांनी लादलेली असते, ती टाकणे ही मुक्तीच होय. गोंदणातही लादलेपण नाही असे कसे म्हणावे? आमच्याकडील वह्यांत रडणाऱ्या मुलीला चौघींनी धरून ठेवल्याच्या आठवणी आहेत. गोंदणाचे नुसते गोडवे गाणे त्या मुलींवर अन्यायाचे होईल. पण महाडला खूण टाकण्याचा निर्णय ती अंगावर वागवणाऱ्यांनी घेतला होता. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत तो दुसऱ्याच कोणी घेतला. तिचे हात कोठे दिसावेत हे ठरवताना तिला कोणी विचारले नाही, आम्हीही नाही.

किनाऱ्यावर हा प्रश्न तीव्र होण्याचे कारण गेल्या चाळीस वर्षांत आहे. न्हावा-शेवा आणि नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. थळचा खत कारखाना उभा राहिला, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि अलिबाग परिसरात पर्यटनाचा व्यवसाय फोफावला. शेत आणि मिठागर यांच्या जागी नोकरी आली. नोकरी म्हणजे मुलाखत, आणि मुलाखत म्हणजे अनोळखी माणसाने आपल्याला पाहणे. तांडेलाच्या जागी निवड समिती आली.

या समित्यांचे नियम वाचण्यासारखे आहेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत धार्मिक चिन्ह किंवा नाव असलेले गोंदण चालते; मात्र ते डाव्या हातावर असावे, कारण सलाम उजव्या हाताने करतात. आकारही त्या अवयवाच्या एक चतुर्थांशाहून कमी हवा. परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासी जमातींना सैन्यभरतीत सवलत आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने हातावरील धार्मिक चिन्हाच्या गोंदणामुळे सोलापूरच्या एका तरुणाला अपात्र ठरवले होते. ते पुसण्याचा त्याने बराच प्रयत्नही केला होता. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. न्हावा-शेव्याच्या बंदरावर पहारा हेच दल देते, म्हणून येथील तरुणांना त्या निकालाचे महत्त्व अधिक.

निकालाचे स्वागत करूनही एक शंका उरते. गोंदणाला संरक्षण मिळते ते धर्माच्या किंवा जमातीच्या नावाने. मग विंचू, टिंबे, वेल, हनुवटीवरचा ठिपका यांचे काय? ही ना देवाची चिन्हे, ना कोणाची नावे. ती घराची आणि हौसेची लिपी आहे. आगरी आणि सोनकोळी आदिवासींच्या यादीत नाहीत. म्हणजे एकाच जत्रेत, एकाच यंत्राने, शेजारी बसून गोंदवून घेतलेल्या दोन मुलांपैकी एकाला सवलत लागू होऊ शकते आणि दुसऱ्याला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २००७ साली डर्बनमधील एका तमिळ वंशाच्या विद्यार्थिनीला शाळेत चमकी घालू दिली. तेथील विचार आम्हांला अधिक व्यापक वाटतो : प्रथा धर्माने बंधनकारक केलेली नसली, स्वेच्छेने पाळलेली आणि सांस्कृतिक असली, तरी तिला संरक्षण मिळाले पाहिजे.

खाजगी क्षेत्रात असे लिहिलेले नियमही सहसा हाती लागत नाहीत. तेथे एअर न्यूझीलंडचे उदाहरण बोलके आहे. या कंपनीच्या विमानांच्या शेपटीवर कोरू हे माओरी नक्षीतील वळणदार चिन्ह मिरवत असे. पण तशाच परंपरेचे गोंदण अंगावर असलेल्या माओरी उमेदवारांना नोकरी नाकारली जाई. टीका झाल्यावर सप्टेंबर २०१९ पासून कंपनीने हा नियम बदलला. नक्षी हवी, पण नक्षी अंगावर असलेला माणूस नको, ही विसंगती केवळ व्यापाऱ्यांची नाही.

ती आमच्या विषयातही आहे. शांता शेळके यांच्या एका काव्यसंग्रहाचे नाव 'गोंदण' (१९७५) आहे, आणि मराठी कवितेत हा शब्द कधीही न पुसल्या जाणाऱ्या आठवणीसाठी रुळलेला आहे. प्रतिमा म्हणून या शब्दाचे मोल वाढत गेले, त्याच काळात ज्या हातांवरून तो कवितेत आला, त्या हातांचे मोल नोकरीच्या बाजारात घटत गेले. आम्ही वर्गात प्रतिमेचे विश्लेषण केले; हाताकडे पाहिले तेव्हा मात्र हॉटेलच्या व्यवस्थापकाच्याच नजरेने पाहिले. साहेबाची नजर एकोणिसाव्या शतकात कचेरीत होती, ती आमच्या डोळ्यांत केव्हा उतरली हे आम्हांला कळलेही नाही.

ती विद्यार्थिनी आता त्या हॉटेलात नाही. एका शाळेत ती मराठी शिकवते, आखूड बाह्यांचा पोशाख घालून. लहान मुले तिच्या हातावरच्या वेलीवरून बोट फिरवतात आणि हे कोणी काढले म्हणून विचारतात. गेल्या वर्षी ती विभागात आली, तेव्हा तिने आपल्या विद्यार्थ्यांकडून करून घेतलेल्या गोंदणाच्या आकृत्यांची एक वही आम्हांला दिली. कपाटात ती आम्ही सर्वांत वर ठेवली आहे. मुलाखतीला जाणाऱ्या मुली आजही सल्ला विचारायला येतात. इंग्रजी आणि कागदपत्रे यांविषयी आम्ही सांगतो. बाह्यांविषयी आता काही सांगत नाही.