साल्बाईच्या तहाचा हिशेब

17 मे 1782 रोजी ग्वाल्हेरजवळच्या साल्बाई या खेड्यात सतरा कलमांचा तह ठरला. इंग्रजांकडून डेव्हिड अँडरसन आणि पेशव्यांकडून महादजी शिंदे अशी ही बोलणी होती. सात वर्षे रेंगाळलेले पहिले इंग्रज-मराठा युद्ध या तहाने संपले आणि पुढची वीस वर्षे पुणे दरबार व कंपनी यांच्यात लढाई झाली नाही. त्यामुळे हा तह बरोबरीचा मानला जातो. कलमे एकेक करून वाचली, की ही बरोबरी कुणाच्या पदरात पडली आणि कुणाच्या जिवावर झाली, ते दिसू लागते.

पुण्याची बाजू आधी पाहू. युद्ध पेटले होते पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांमुळे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात त्यांचे पुतणे पेशवे नारायणराव यांचा खून झाला, न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दादांना दोषी ठरवले आणि बारभाई म्हटल्या जाणाऱ्या कारभाऱ्यांनी नारायणरावांच्या तान्ह्या मुलाला, सवाई माधवरावांना, गादीवर बसवले. दादांनी इंग्रजांचा आश्रय घेतला आणि मार्च 1775 मध्ये सुरतेस मदतीच्या मोबदल्यात मुंबईलगतचे साष्टी बेट व वसई लिहून दिली. साल्बाईला इंग्रजांनी याच दादांचा हात सोडला. त्यांनी चार महिन्यांत राहण्याचे ठिकाण ठरवावे, पेशव्यांनी त्यांना महिना पंचवीस हजार रुपये द्यावेत आणि इंग्रजांनी त्यांना यापुढे फौज वा पैसा देऊ नये, असे ठरले. सवाई माधवरावांची गादी निर्वेध झाली. पुण्याचे कारभारी नाना फडणीस ज्यासाठी एवढी वर्षे झुंजले, ती मुख्य गोष्ट त्यांना मिळाली, हे मान्य करायलाच हवे. डिसेंबर 1780 मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने घेतलेली वसईही परत आली. चिमाजी आप्पांनी 1739 साली अपरंपार माणसे खर्ची घालून जिंकलेला तो किल्ला होता.

साष्टी मात्र आली नाही. मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला डिसेंबर 1774 मध्ये घेतला. तेव्हा सुरतेचा तह झालेला नव्हता, पेशव्यांशी युद्धही पुकारलेले नव्हते. पोर्तुगीज आरमार साष्टीवर येत असल्याच्या बातमीचे निमित्त करून शेजाऱ्याचा मुलूख उचलला गेला. साल्बाईच्या तहाने तो घारापुरी, करंजा आणि आणखी एका बेटासह कायमचा इंग्रजांना दिला. लढाईत गमावलेले परत मिळाले आणि लढाईआधी लुबाडलेले गेले, हा यातला सर्वांत उघड अन्याय.

त्यातही एक गोष्ट मनाला फार लागते. साष्टी एकदा कागदावर परत मिळालेली होती. जानेवारी 1779 मध्ये मुंबईची फौज दादांना घेऊन बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली. मराठ्यांनी वाटेतली गावे ओस पाडली होती, चारा जाळला होता. दाणागोटा संपत आला, तशी फौजेने एका रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान जाळले आणि माघार घेतली. पण वडगावला ती पुरती कोंडली गेली. तिथे 1773 नंतर घेतलेला सगळा मुलूख परत देण्याचे इंग्रजांनी लिहून दिले आणि दोन इंग्रज ओलीस ठेवले. शिवाय महादजींना भडोच देण्याचे खासगीत कबूल केले. फौज सुखरूप सुटताच कंपनीने हा करार झिडकारला. साल्बाईला मात्र वडगावच्या सभ्य वागणुकीची आठवण ठेवून भडोच महादजींना मिळाले. वडगावला दिलेल्या दोन शब्दांपैकी एका सरदाराला दिलेला पाळला गेला आणि राज्याला दिलेला मोडला गेला. इंग्रजांनी मराठी दौलतीची शिवण कुठे उसवते ते नेमके हेरले होते.

सर्वांत मोठी किंमत बोलणीत नसलेल्या माणसाच्या माथी मारली गेली. म्हैसूरचा हैदर अली 1780 मध्ये पुण्याशी संगनमत करून कर्नाटकात उतरला होता. त्याने त्याच सप्टेंबरात पोल्लिलूरला इंग्रज सेनानी बेलीची फौज बुडवली. कंपनीचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज तहाला एवढा अधीर झाला, त्यामागे हैदराचा हा दणका होता. आणि साल्बाईत पेशव्यांनी हमी काय घेतली? हैदराने इंग्रजांचा व अर्काटच्या नवाबाचा जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा, ही. नानांना यातली लाज कळत होती. हेस्टिंग्जने जूनमध्ये मान्यता दिली, तरी त्यांनी कागद अडवून धरला. 7 डिसेंबर 1782 रोजी हैदर वारला आणि फेब्रुवारी 1783 मध्ये नानांनी मंजुरी दिली. हैदराचा मुलगा टिपू याने ते कलम जुमानले नाही. तो लढत राहिला आणि मार्च 1784 मध्ये मंगळूरला त्याने इंग्रजांशी स्वतंत्र तह केला. पुण्याचा शब्द म्हैसूरच्या लेखी संपला. दोन वर्षांत मराठे आणि टिपू आपसांत लढू लागले आणि 1790 मध्ये मराठे त्याच्याविरुद्ध इंग्रजांना सामील झाले. 1803 साली मराठ्यांवर इंग्रजांशी लढायची वेळ आली, तेव्हा दक्षिणेत इंग्रजांना अडवणारे कुणी उरलेच नव्हते.

महादजींना या तहाने मोकळीक दिली. त्यांनी ग्वाल्हेर परत घेतले आणि 1784 मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पद मिळवले. उत्तरेतला मराठ्यांचा तो शेवटचा मोठा बहर साल्बाईच्या शांततेत फुलला, म्हणून तह मुळातच वाईट होता असे म्हणता येत नाही. इंग्रजांनी मात्र मिळालेली उसंत जास्त चांगली वापरली. साष्टीची मालकी पक्की झाल्यावर 1805 पर्यंत गव्हर्नर डंकनच्या नावाचा बांध मुंबईतले शीव आणि साष्टीतले कुर्ला यांना जोडू लागला. आजचे वांद्रे, अंधेरी, बोरिवली हे सगळे त्याच साष्टीवर वसले आहे. 1853 ची पहिली आगगाडीही बोरीबंदराहून साष्टीतल्या ठाण्यालाच गेली.

राघोबादादा कोपरगावात राहिले आणि डिसेंबर 1783 मध्ये वारले. त्यांच्या मुलांचे पुढे काय, यावर सतरा कलमांत अक्षर नव्हते. थोरला औरस मुलगा बाजीराव तेव्हा आठ वर्षांचा होता. सवाई माधवराव 1795 साली निपुत्रिक गेले आणि वर्षभराच्या कारस्थानांनंतर तोच पेशवा झाला. ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ त्याच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा बापासारखाच तोही इंग्रजांकडे धावला. 31 डिसेंबर 1802 रोजी त्याने वसईत तैनाती फौजेच्या तहावर सही केली. त्यातून उद्भवलेल्या युद्धात महादजींचे वारस दौलतराव हरले आणि 30 डिसेंबर 1803 रोजी सुर्जी-अंजनगावच्या तहात त्यांनी भडोचही इंग्रजांना लिहून दिले.