फ्रीस्टाइल फ्रिस्बी

उडत्या तबकडीच्या कसरती दोघांनी किंवा तिघांनी मिळून संगीताच्या साथीने सादर करण्याचा, परीक्षकांच्या गुणांवर निकाल ठरणारा क्रीडाप्रकार. मराठीत ‘फ्रीस्टाइल’ म्हटले की आधी कुस्ती आठवते. इथे मात्र समोर प्रतिस्पर्धी उभा नसतो. मैदानात एका वेळी एकच संघ उतरतो आणि त्याची सारी झुंज तबकडीच्या ओसरत जाणाऱ्या गिरकीशी असते. गिरकी आहे तोवर तबकडी जिवंत. ती संपली की हातात उरते प्लॅस्टिकचे ताट.

वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन यांची ‘प्लुटो प्लॅटर’ ही तबकडी अमेरिकेतील वॅम-ओ कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणली. परग्रहावरून येणाऱ्या यानांच्या चर्चेला तेव्हा ऊत आला होता आणि तिचा आकारही तसाच होता, त्यामुळे आपला ‘उडती तबकडी’ हा शब्द तिला दोन्ही अर्थांनी चपखल बसतो. ब्रिजपोर्टच्या फ्रिस्बी पाय कंपनीच्या पत्र्याच्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावत, त्यावरून तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव मिळाले. ते व्यापारचिन्ह असल्याने क्रीडासंघटना ‘फ्लाइंग डिस्क’ असे म्हणतात. पुढे एड हेडरिक यांनी तबकडीच्या पाठीवर वर्तुळाकार कडा उठवून तिचे उड्डाण स्थिर केले. मुलांच्या खेळण्याचे खेळाडूंचे साधन झाले ते तेव्हापासून.

फ्रीस्टाइलची पहिली स्पर्धा १९७४ मध्ये टोरांटोला, कॅनेडियन ओपन फ्रिस्बी स्पर्धेत झाली. केन वेस्टरफील्ड आणि जिम केनर या जोडीने ती सुरू केली आणि जिंकलीही. व्हेलास्केझ बंधू दुसरे आले. लगेच पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातील रोझ बोल मैदानावरच्या जागतिक फ्रिस्बी स्पर्धेत हा प्रकार दाखल झाला. केनर यांनी पुढे डिस्क्राफ्ट ही कंपनी काढली. तिची १६० ग्रॅम वजनाची ‘स्काय-स्टायलर’ ही तबकडी आज बहुतेक फ्रीस्टाइल खेळाडूंच्या हातात दिसते. अल्टिमेट या सांघिक खेळातील तबकडी १७५ ग्रॅमची असते. फरक पंधरा ग्रॅमचाच, पण नखावर तो जाणवतो.

नखावर, कारण या खेळाचा कणा आहे ‘डिले’. सुरुवातीच्या काळात खेळ होता झपाट्याचा: पायाखालून किंवा पाठीमागे झेलायचे आणि न थांबता परत फेकायचे. १९७०च्या दशकाच्या मध्यात खेळाडू फिरती तबकडी बोटाच्या नखावर तोलून धरू लागले आणि सारे बदलले. ज्याने लहानपणी जाळी झटकून भोवरा तळहातावर घेतला आहे त्याला यातले सुख वेगळे सांगायला नको. मात्र भोवरा हातावर स्वतःच उभा राहतो, तबकडी सतत निसटू पाहते. तिचा मध्य नखावरून किंचित सरकला की बोटालाही तेवढेच, त्याच दिशेने सरकावे लागते. जवळून पाहिले तर खेळाडूचे बोट हवेत लहान लहान वर्तुळे काढत असते. घर्षणाने गिरकी मरू नये म्हणून तबकडीच्या पोटाला सिलिकॉनचा फवारा मारतात आणि बोटांवर कृत्रिम नखे चिकटवतात. गिरकीला खेळाडू ‘झी’ म्हणतात. घड्याळाच्या दिशेने फिरणारी तबकडी ‘क्लॉक’, उलटी फिरणारी ‘काउंटर’. दोन्ही सारख्याच सफाईने हाताळणारा खेळाडू खरा तयारीचा.

मरत चाललेल्या गिरकीत पुन्हा जीव ओतण्याचे तंत्र म्हणजे ‘ब्रश’. तबकडीची पुढची कड उचललेली ठेवून ती वाऱ्याच्या तोंडावर द्यायची आणि गिरकीच्या दिशेने कडेवर हाताने किंवा पावलाने चापट मारायची. गिरकी वाढते, तबकडी वर चढते आणि वाराच तिला खेळाडूकडे परत आणतो. ‘रोल’मध्ये तीच तबकडी एका हाताच्या बोटांपासून छातीवरून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत कडेवर धावत जाते. शेवट झेलाने होतो आणि झेलांची नावेही रंगतदार आहेत: एका पायावर तोल सांभाळून पायामागे घेतलेला ‘फ्लेमिंगो’, तसेच ‘गिटिस’ आणि ‘बॅड अ‍ॅटिट्यूड’.

गुणदान तीन अंगांनी होते: काठिण्य, सफाई आणि कलात्मक परिणाम. काठिण्य पाहणारा परीक्षक दर पंधरा सेकंदांनी आकडा मांडतो. सफाई पाहणारा तबकडी पडली, झेल डळमळला की गुण कापतो. हे परीक्षक म्हणजे दुसऱ्या गटातले खेळाडूच. सकाळी ज्याने तुमचे गुण कापले त्याच्या कसरतींना दुपारी तुम्ही गुण देता. या खेळाचा स्वभाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो इथेच. बाहेरचे पंच आणण्याइतका पैसा या खेळात नाही, हे खरे. पण ज्याने स्वतः तो डिले हजार वेळा पाडला आहे त्यालाच त्याची अवघड जागा कळते, हेही तितकेच खरे.

न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये जमणाऱ्या जोई हुडोक्लिन, रिची स्मिट्स, क्रे व्हॅन सिकल या मंडळींनी १९७०च्या दशकात खेळाला शहरी, नृत्यासारखी लय दिली. खेळाडूंची स्वतःची संघटना, फ्रीस्टाइल प्लेयर्स असोसिएशन, त्याच दशकात उभी राहिली आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तीच भरवू लागली. १९८२ मध्ये वॅम-ओ विकली गेली आणि कंपनीच्या पैशाचे दिवस सरले. तरी खेळ थांबला नाही, कारण तो ‘जॅम’वर जगतो. गुण, घड्याळ, प्रेक्षक काही नाही. चार जण गोल उभे राहतात आणि तबकडी हातोहात फिरते. एखाद्या अनोळखी शहरातल्या बागेत कुणी नखावर तबकडी फिरवताना दिसले की त्या गोलात शिरायला ओळख लागत नाही. नंतरच्या पिढीत लॅरी इम्पिरियाले, डेव्ह मर्फी, आर्थर कॉडिंग्टन, एमी शिलर, लिसा हनरिक्स यांनी नाव कमावले. युरोपात इटलीचे क्ले कोलेरा आणि अ‍ॅना मेर्लो. इटलीच्या रिमिनी किनाऱ्यावर ईस्टरला भरणारी पागानेल्लो आणि प्रागची बंदिस्त सभागृहातली फ्रिस्बीअर या स्पर्धांना खेळाडू आवर्जून जातात. सभागृहात वारा नसतो, म्हणून तिथे ब्रश जवळजवळ बाद होतो आणि डिले व रोल यांच्यावर सारी मदार राहते.

जागतिक फ्लाइंग डिस्क महासंघ १९८५ मध्ये स्थापन झाला. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला पूर्ण मान्यता दिली. प्रकाशझोत मात्र मुख्यतः अल्टिमेटवर राहिला. भारतातही चेन्नई, बंगळूर, मुंबई, पुणे येथे रुजले ते अल्टिमेटच, आणि तबकडी झेलणारे बरेच हात त्यातून तयार झाले आहेत. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारी खारे वारे सुटतात, समुद्राकडून जमिनीकडे, तासन्‌तास एकाच दिशेने. ब्रश शिकायला असाच वारा लागतो.