उभी बाटली, आडवी बाटली

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. मधे रिलीज होतं, त्यामुळे... असो.

२०२४ च्या दिवाळीनंतर यवतमाळला घरी गेलो होतो. आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली, म्हणून सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचं ठरवलं. आई-बाबा, मावशी आणि राळेगावकडे कापूस करणारा मामेभाऊ. हॉटेल बऱ्यापैकी होतं. अलीकडे एसी फॅमिली हॉल, पार्टिशनच्या पलीकडे परमिट रूम. पुण्यात राहून ज्या काही सवयी लागतात त्यातली एक उफाळून आली. म्हटलं, आज वाइन मागवू.

मेनू आला. व्हिस्कीची दोन पानं भरलेली. वाइनच्या ओळी चार: रेड वाइन, व्हाइट वाइन, पोर्ट वाइन, शॅम्पेन. बस्स. कुठली, कोणत्या द्राक्षाची, कोणत्या सालची, काही नाही. रेडसमोर २,४०० रुपये. वेटरला विचारलं तर म्हणे, "लाल आहे सर, मस्त आहे." बाटली दाखवायला सांगितली. दिवे लावलेल्या फळीवर उभी होती, तिथून काढून आणली. नाशिकची. भरल्याची तारीख अडीच वर्षांपूर्वीची, म्हणजे बाईसाहेबांनी विदर्भातले दोन उन्हाळे त्या फळीवर काढलेले. छापील किंमत ८५०.

मामेभावानं मोबाइलवर हिशोब केला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. "बत्तीस किलो कापूस आहे हा, भाऊ."

मी गप्प. पण डोक्यात एकच प्रश्न, हा मेनू असा कोणी लिहिला? मालकाला नावं ठेवणं सोपं आहे. पण बग सापडला की आपण लॉग मागे मागे वाचत जातो ना, तसा हाही वाचत गेलो, तर बरंच मागे जावं लागलं.

या भागाचं स्वतःचं पेय मोहाचं. मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली फुलं पडतात, ती वेचायची, वाळवायची. झरी जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या गोंड-कोलाम घरांत ती खायलाही लागत आणि दारूलाही. इंग्रजांना यात दोन गोष्टी दिसल्या, महसूल आणि गळती. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला, आणि १८९२ मध्ये तर खास मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हतं, पण अबकारी हे इथंही सरकारी उत्पन्नाचं साधन होतंच. रोख सगळीकडे एकच: घरची भट्टी गुन्हा, ठेकेदाराचं दुकान कायदेशीर. चवीशी कोणालाच देणंघेणं नाही. मोजायचं ते फक्त किती आणि किती कडक.

म्हणूनच दारूच्या दुकानासमोर निदर्शनं करणं हे स्वातंत्र्यचळवळीत थेट सरकारच्या खिशाला हात घालणं होतं. काँग्रेसचं प्रांतिक सरकार आल्यावर १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला. पुढे विदर्भ महाराष्ट्रात आला आणि १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आपल्याला लागू झाला. १९६० च्या दशकात राज्यानं बंदी सैल केली. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक, आपल्या पुसदचे. पण कायदा रद्द नाही केला, त्यात परवान्यांच्या खिडक्या पाडल्या. 'परमिट रूम' हा शब्द तिथूनच आला. आपल्याकडे कायदा मुळात बंदीचा आहे, आणि पिणं ही त्यातली परवानगी. कोडच्या भाषेत सांगायचं तर डीफॉल्ट 'नाही', बाकी सगळे अपवाद :-)

मग २००१. राज्यानं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, वाइनला अबकारीत सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. नाशिकच्या शेतकऱ्याला याचा फायदा झाला, नाही म्हणत नाही. पण मोहाच्या फुलांवरचे निर्बंध राज्यानं उठवले ते २०२१ मध्ये. द्राक्षाला धोरण मिळाल्यानंतर वीस वर्षांनी.

आता पुन्हा मेनूकडे या. नाशिकहून पाचेकशे किलोमीटर आलेली बाटली इथं क्वचितच कोणी मागतं. पैसे अडकून पडतात, म्हणून मालक एकाच गिऱ्हाइकाकडून सगळं वसूल करतो. किंमत वाढते, म्हणून कोणी मागत नाही. मागत नाही म्हणून नवी येत नाही. इनफिनिट लूप. त्यात आपली साधी वाइन ताजी पिण्यासाठी केलेली असते, आणि पारा ४५ वर गेला की फळीवरची बाटली आतून शिजते.

तेव्हा अशा मेनूत निवडायचंच असेल तर माझा नियम साधा आहे. नाव नाही, तारीख बघायची. सगळ्यांत अलीकडची, शक्यतो पांढरी, फिरकीच्या झाकणाची आणि फ्रिजमधून काढलेली. ग्लासवर मिळत असेल तर बाटली कधी उघडली ते विचारायचं. यातलं काहीच जमत नसेल तर लिंबू सोडा.

हे सगळं मी उत्साहात टेबलावर सांगत होतो. बुचाची बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं, हेही सांगितलं. तेव्हा इतका वेळ पोळी मोडत बसलेली मावशी हसली.

"म्हंजे चांगली बाटली आडवीच असते म्हण नं."

मला एक मिनिट लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावातलं दारूदुकान बंद करायचं असेल तर महिलांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडवीला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, आलेल्या मतांच्या नव्हे. मावशी आपल्या गावात त्यासाठी महिनाभर घरोघर फिरली होती. आलेल्या मतांत आडवी सहज पुढे होती. पण लग्न होऊन गेलेल्या, कामासाठी बाहेर असलेल्या पोरींची नावं यादीत तशीच. निम्म्याला थोडी कमी पडली. दुकान आजही चालू आहे.

मी मोहाच्या दारूबद्दल हळवा होऊन बोलत होतो, आणि समोर बसलेल्या बाईनं दारूनं मोडलेली घरं उंबऱ्यात उभं राहून पाहिली होती. तिच्या दृष्टीनं भट्टीची काय, ठेक्याची काय, नाशिकची काय. नदीपलीकडचा वर्धा जिल्हा १९७४ पासून कोरडा आहे, चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यानं काय साधलं यावर आम्ही दोघं तासभर भांडू शकतो, भांडलोही आहोत. पण दीडशे वर्षांच्या या सगळ्या कायद्यांत 'किती महसूल' हे दरवेळी विचारलं गेलं, मावशीला विचारलं गेलं ते एकदाच. तेही यादीच्या हिशोबात हरलं.

"मागवू का गं?" मी विचारलं.

"मले काय विचारतं? तुहा पगार, तुहं तोंड."

बाटली परत पाठवली. पाच लिंबू सोडा आले, बिलात प्रत्येकी ९० रुपये. मामेभाऊ पुन्हा मोबाइल काढायला लागला. म्हटलं, राहू दे बाबा.