वल्हे हाती धरण्याची लाज

व्यायामाचा कंटाळा असणे आणि व्यायामाची लाज वाटणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. आळशी मनुष्य एकांतातही जोर काढीत नाही. लाजाळू मनुष्य दार लावून घेतले म्हणजे खुशाल काढतो. पण तेच चार माणसांदेखत करा म्हटले की, त्याचे हातपाय जड होतात. आपले सुटलेले पोट, लागलेली धाप, चुकलेले पाऊल यांवरच साऱ्यांची नजर खिळलेली आहे, असे त्याला वाटू लागते. हा संकोच ज्याच्या त्याच्या स्वभावाचा दोष मानण्याची पद्धत आहे. परंतु एखाद्या गावातील शेकडो मुलांना एकदम तीच लाज वाटत असेल, तर तिचे मूळ त्या गावाच्या चालीरीतींत शोधणे प्राप्त होते. असा प्रसंग गेल्या शतकापूर्वीच्या शतकात श्रीनगरच्या एका शाळेत घडला.

ती शाळा चर्च मिशनरी सोसायटीची. इ. स. १८९० मध्ये सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को हे सत्तावीस वर्षांचे पाद्री तेथे शिकवावयास आले. अंगलटीने ते ठेंगणे होते. १८८४ साली ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची जी नौकाशर्यत झाली, तीत केंब्रिजच्या नावेचे सुकाणू त्यांनी सांभाळले होते आणि त्यांची नाव जिंकली होती. नाव, नदी आणि वल्हे यांवर जीव असलेला हा मनुष्य झेलमच्या काठी फतेह कदल येथील शाळेत आला, तेव्हा त्याच्यासमोर जे विद्यार्थी बसले होते, ते बहुतेक काश्मिरी ब्राह्मण होते. त्यांतील कित्येकांना दाढीमिशा फुटल्या होत्या, पुष्कळांची लग्ने झाली होती आणि काहीजण तर बापही झाले होते. अंगात घोट्यापर्यंत लोंबणारे फेरन, हिवाळ्यात फेरनाच्या आत पोटाशी धरलेली निखाऱ्यांची कांगडी, पायात लाकडी खडावा. या पोशाखात पळता येत नाही. आणि पळायचे नसल्यामुळेच तो पोशाख त्यांना सोयीचा होता.

या मुलांच्या संथ चालीला इतिहास आहे. काश्मिरी पंडित पिढ्यान् पिढ्या सरकारदरबारी लेखणी चालवीत आले होते. फार्सीचे ज्ञान हे त्यांचे भांडवल. १८८९ साली दरबारची भाषा फार्सीऐवजी उर्दू झाली, पंजाबातून आलेली माणसे कचेऱ्यांत बसू लागली आणि जुन्या विद्येचा भाव उतरला. नव्या नोकरीसाठी नवी विद्या हवी, म्हणून ही मुले मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकावयास आली होती. शरीर कमावण्यास ती आलीच नव्हती. पिळदार दंड हे त्यांच्या दृष्टीने हमालाचे लक्षण होते. सभ्य माणसाने सावकाश चालावे, घाम गाळणे ज्याचे काम त्याने गाळावा, अशी त्यांची समजूत होती. ती हास्यास्पद ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्यांचे पोट केवळ सभ्यपणावर चालते, त्यांना सभ्यपणाची खूण सोडणे जड जाणारच.

१८९१ च्या शरद ऋतूत बिस्कोंनी श्रीनगरात चामड्याचा फुटबॉल आणला. तो पाहून मुलांनी विचारले की, हा खेळल्यास पैसे मिळतील काय? नाही म्हटल्यावर त्यांचे निम्मे कुतूहल संपले आणि तो चामड्याचा आहे हे कळताच उरलेलेही संपले. चामडे म्हणजे विटाळ. बिस्कोंनी शिक्षकांना एकत्र बोलावले, फळ्यावर मैदान काढून कोणी कोठे उभे राहायचे ते समजावून दिले आणि दुसऱ्या दिवशी हाती काठ्या घेऊन हजर राहण्यास सांगितले. शाळा सुटल्यावर मेंढरांचा कळप हाकावा तशी मुले मैदानाकडे नेण्यात आली. दुकानदार आणि वाटसरू हा तमाशा पाहण्यास लोटले. मैदानावर दोन्ही संघ उभे केले, पण चेंडूला पाय लावण्यास कोणी धजेना. अखेर बिस्कोंनी घड्याळ काढून मुदत दिली आणि ती संपताच काठ्या पुढे सरसावल्या. मग मात्र एकच पळापळ झाली. फेरने फडफडू लागली, खडावा हवेत उडाल्या, चेंडूवर नेम धरलेल्या लाथा वाऱ्यालाच बसल्या. इतक्यात चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला. तो रडू लागला. त्याचे सोबती खेळ टाकून त्याच्याभोवती जमले. चामडे ओठांना लागले, आता काय करावे? बिस्कोंनी त्याला जवळच्या कालव्यावर नेऊन तोंड धुण्यास सांगितले. तो धुऊन आला आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

ही हकीकत बिस्कोंनीच लिहून ठेवलेली आहे आणि ती सांगताना त्यांना आलेली मौज लपत नाही. आपल्या विद्यार्थ्यांविषयी त्यांनी वापरलेले शब्द साम्राज्याच्या काळातील गोऱ्या माणसाच्या गर्वाचे आहेत. ज्या मुलाच्या ओठाला चामडे लागले, त्याचे दुःख खरे होते. ते विनोदाचा विषय नव्हे. आणि काठीविषयी बोलावयाचे, तर तिने लाज गेली नाही. मोठ्या भीतीपुढे लहान भीती क्षणभर दबली, इतकेच झाले.

शिवाय विटाळ हे त्या संकोचाचे खरे कारणही नव्हते. फुटबॉल चामड्याचा होता; वल्हे तर लाकडाचे असते, त्याला कसला विटाळ? तरीही बिस्कोंनी मुलांना नाव वल्हवण्यास सांगितले, तेव्हा ती तितक्याच निकराने नाही म्हणाली. वल्हे मारणे हे हांजी लोकांचे, म्हणजे नावाड्यांचे काम. पंडिताचा मुलगा वल्हे मारताना दिसला, तर लोक त्याला नावाडी म्हणतील. या ‘दिसला’ शब्दातच सारे मर्म आहे. श्रीनगरात झेलम हाच त्या काळी राजरस्ता होता. नदीवर सात पूल, दोन्ही तीरांवर दाटीवाटीने उभी असलेली घरे, घरांना सज्जे आणि खिडक्या, काठावर घाट. नावेत बसलेला मनुष्य शहराच्या भर चौकात उभा असल्यासारखाच. मामा, सासरा, शेजारी यांपैकी कोणाची तरी नजर पडल्यावाचून राहणे अशक्य.

दक्षिणेत याच काळी काय स्थिती होती, हे ताडून पाहण्यासारखे आहे. ब्राह्मणाने अंग कमावणे येथे कमीपणाचे मानले जात नसे. मल्लखांबाला नवे चैतन्य देणारे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे, अशी परंपरा सांगितली जाते. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत आखाड्यांना राजाश्रय होता आणि पुढे त्याच नगरीतून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड प्रसिद्ध झाले. तेव्हा मराठी मुलाला लंगोट लावून घाम गाळण्याची लाज मुळीच नव्हती, असे कोणी म्हणेल. पण तालमीची रचना आठवावी. ठेंगणे दार, मंद उजेड, मधोमध लाल मातीचा हौद. आत जो येतो, तो अंगाला माती लावण्यासाठीच येतो. तालमीत बघे नसतात. जो आज पाहतो, तो उद्या करतो. नवख्याच्या थरथरत्या बैठका वस्तादाला दिसतात, गल्लीला दिसत नाहीत. चांगला तयार झाल्यावरच गडी जत्रेच्या फडात उतरतो. संकोच मराठी मुलालाही होताच. जुन्या लोकांनी त्याच्यासाठी चार भिंती बांधून ठेवल्या होत्या. श्रीनगरच्या त्या मुलांना अशा भिंती लाभल्या नाहीत. त्यांना शिकाऊ अवस्थेतच सबंध गावासमोर उभे केले गेले.

मग ती लाज गेली कशी? एक तर संख्येने. शाळेतील झाडून सारी मुले खेळू लागली, शिक्षकही उतरू लागले, तेव्हा एकट्या मुलाकडे बोट दाखवण्यात अर्थ उरला नाही. पोहण्याच्या बाबतीत बिस्कोंनी काठी बाजूला ठेवून हिशेबी युक्ती केली. ठरावीक वयापर्यंत ज्याला पोहता येणार नाही, त्याची फी वाढू लागे. जे बाप मुलाने पाण्यात उतरण्याच्या विरुद्ध होते, तेच त्याला पोहण्यास पाठवू लागले. घरचा विरोध मावळला की, मुलाचा अर्धा संकोच आपोआप मावळतो, हे या शिक्षकाने अचूक ओळखले होते. पुढे शाळेची मुले दल सरोवर पोहून पार करू लागली.

परंतु संख्येपेक्षा आणि पैशांपेक्षाही अधिक काम केले ते आपत्तींनी. १८९२ साली श्रीनगरात कॉलऱ्याची मोठी साथ आली. १८९३ मध्ये झेलमला महापूर आला आणि १९०३ मध्ये तो पुन्हा आला. लाकडी घरांच्या त्या शहरात आगीही वारंवार लागत. अशा वेळी पोहता येणारी, नाव हाकता येणारी, दमसास असलेली मुले गावात कोठे आहेत, हे लोकांना ठाऊक झाले होते. मिशनच्या शाळेतील मुले पुरात अडकलेल्यांना बाहेर काढू लागली, बुडणाऱ्यांना वाचवू लागली, आगीवर पाणी मारू लागली. मिशनच्या इस्पितळात बऱ्या होत असलेल्या रोग्यांना नावेत बसवून सरोवरावर मोकळ्या हवेत फिरवून आणणे, हाही त्यांचा नेम झाला. त्यांत स्त्रियाही असत. आता वल्हे तेच होते, पाहणारे डोळेही तेच होते; पण सज्जात उभ्या असलेल्या माणसाला त्या नावेची गरज पडली होती. ज्याच्या हातून आपले माणूस वाचले, त्याला नावाडी म्हणून हिणवण्यास जीभ रेटत नाही.

त्यातही एक गोष्ट मात्र खटकते. नावाड्याच्या मुलाने अनंत काळापासून हीच कामे केली होती. तोही पुरात उडी घालीत असे, तोही बुडणाऱ्याला ओढून काढीत असे, आणि त्यामुळे त्याची जात उंचावली नाही. पंडिताच्या मुलाने वल्हे धरले, तेव्हा वल्ह्याला मान आला. हांजीला आला असे म्हणता येत नाही. एवढी मोठी लाज मोडणाऱ्या शाळेच्या कीर्तीत ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

शाळेच्या वार्षिक नौकाशर्यती पुढे शहराच्या कौतुकाचा विषय झाल्या. त्यांतील एक प्रकार विलक्षण असे. खूण होताच मुले आपल्याच नावा पाण्याखाली बुडवीत आणि नंतर सारी पोहत बाहेर येत. काठावर दुतर्फा गर्दी असे. बिस्को १९४७ साली काश्मीर सोडून गेले आणि १९४९ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियात वारले. त्यांच्या नावाची शाळा श्रीनगरच्या शेखबागेत चालू आहे. तिच्या बोधचिन्हावर दोन वल्ही एकमेकांवर तिरपी ठेवलेली आहेत. त्यांची पाती बदामाच्या आकाराची आहेत.