लाटसाहेबांची बहीण

इतिहासाच्या तासाला लॉर्ड ऑकलंडचे नाव काढले की मुले 'पहिले अफगाण युद्ध' एवढे घोकलेले उत्तर देऊन मोकळी होतात. या लाटसाहेबांबरोबर त्यांची अविवाहित बहीण एमिली ईडन हिंदुस्थानात आली होती, आणि भावाच्या साऱ्या खलित्यांहून तिची लेखणी अधिक बोलकी होती, हे क्रमिक पुस्तकात कुठून यावे!

1837 च्या ऑक्टोबरात ही मंडळी कलकत्त्याहून सिमल्याकडे निघाली. बाईंच्या हिशेबाने तांड्यात 12,000 माणसे, 850 उंट आणि 140 हत्ती. बाईंच्या कुत्र्याच्या दिमतीलासुद्धा स्वतंत्र नोकर! वाटेतल्या हकिगती त्या विलायतेतल्या बहिणीला रोजनिशीसारख्या लिहून धाडीत. 1866 साली त्यांचे पुस्तक निघाले.

बाई उमराव घराण्यातल्या. म्हणून गंमत अशी, की त्यांचे नाक केवळ काळ्या माणसांपुढेच वर नसे. कंपनीच्या गोऱ्या अंमलदारांच्या बायका, त्यांचे जुन्या तऱ्हेचे पोशाख, त्यांच्या कंटाळवाण्या गप्पा, काहीच त्यांच्या तावडीतून सुटत नाही. वाचताना हसू येते, हे कबूल करतो.

पण 1838 च्या जानेवारीत तांडा कानपूरच्या बाजूला येतो आणि हसू मावळते. त्या दुष्काळात सुमारे आठ लाख माणसे मेली. तबेल्यापाशी बाईंना एक अर्धमेले तान्हे दिसते. सांभाळायला सहा वर्षांचे दुसरे उपाशी पोर! तान्ह्याचे वर्णन करताना बाईंना आठवते म्हातारे माकड. आणि याच बाई, ते जगणार नाही असे डॉक्टर सांगत असता, त्याला तंबूत आणवून दूध पाजवतात. दया खरीच होती. डोळे मात्र उमरावाचे. बाहेर त्याच करपल्या मुलखातून 140 हत्तींचा चारा गोळा व्हायचा होता.

पुढे मे 1839 मध्ये राणीच्या वाढदिवसाचा सिमल्याला नाच झाला. नाचणारे गोरे 105; भोवती घोंगड्या पांघरलेले सुमारे तीन हजार पहाडी लोक, गोरा जवळ आला की जमिनीपर्यंत वाकणारे. वीस वर्षांपूर्वी इथे एकही युरोपियन फिरकला नव्हता, हे बाई स्वतःच नोंदवतात. आणि हे लोक आपणा सर्वांची मुंडकी उडवून मोकळे का होत नाहीत, याचे नवल करतात.

पुस्तक छापले त्याआधी नऊच वर्षे कानपुरात काय घडले, ते साऱ्या विलायतेला पाठ होते. बाईंनी ती नोंद तशीच राहू दिली.