टाम्पाचा सामना मागणारा माणूस

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून आयुष्य गेलं. त्यामुळे एखाद्या प्रशिक्षकाचे विजय वाचले, की ते सामने ठरवले कोणी, हा प्रश्न मला आधी पडतो. जेक गेथर यांच्याबद्दल मला वाटणारा आदर तिथूनच सुरू होतो.

फ्लोरिडा ए अँड एम हे टॅलाहासी शहरातलं कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. गेथर तिथे १९४५ ते १९६९ अमेरिकी फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक होते, आणि क्रीडा संचालकाची खुर्ची त्यांनी १९७३ पर्यंत सांभाळली. २०३ विजय, ३६ पराभव, ४ बरोबरी. त्यांना खरं तर वकील व्हायचं होतं. धर्मोपदेशक वडील वारले आणि ते शिक्षकी पेशात आले. पदव्युत्तर पदवीसाठी ओहायो गाठावं लागलं, कारण अमेरिकेच्या दक्षिणेतली गोऱ्यांची विद्यापीठं त्यांना दारात उभी करत नव्हती. १९४२ मध्ये मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. त्यातून उठून तीन वर्षांत त्यांनी संघ हाती घेतला.

त्यांची चाल साधी वाटते, पण फार विचारातून आलेली आहे. आघाडीच्या फळीतल्या खेळाडूंना त्यांनी एकमेकांपासून लांब उभं केलं. समोरच्यांनाही मग पांगावं लागे, आणि मधल्या फटीतून वेगवान गडी निसटत. बॉब हेज हा असाच त्यांचा गडी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण त्यानेच जिंकलं. असा मुलगा टॅलाहासीत आला, कारण दक्षिणेतल्या बड्या संघांना तो चालणारच नव्हता.

उन्हाळ्यात गेथर प्रशिक्षकांचं शिबिर भरवत. नामवंत गोरे प्रशिक्षक तिथे येऊन शिकवत. मैदानात मात्र त्यांचे संघ गेथर यांच्या मुलांसमोर उभे राहत नसत. ही भिंत पाडायची म्हणून गेथर यांनी गोऱ्या विद्यापीठाविरुद्ध सामना मागितला, त्यासाठी वरिष्ठांकडे पाठपुरावा केला. २९ नोव्हेंबर १९६९ ला टाम्पा विद्यापीठाविरुद्ध तो झाला. दक्षिणेतला अशा प्रकारचा तो पहिला सामना मानतात. फ्लोरिडा ए अँड एमने तो ३४-२८ असा जिंकला. त्याच हंगामाअखेर गेथर यांनी प्रशिक्षकपद सोडलं.

पुढच्या काही वर्षांत गोऱ्यांची बडी विद्यापीठं कृष्णवर्णीय मुलांना शिष्यवृत्त्या देऊन नेऊ लागली. हेजसारखा मुलगा टॅलाहासीला येण्याचं मुख्य कारणच संपलं. गेथर यांनी आपल्याच संघाच्या मुळावर घाव घातला, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. संचालकाने आधी मुलांचा विचार करायचा असतो, मग करंडकांच्या कपाटाचा. आणि मुलांना जास्त दारं उघडी झाली. शिवाय संघही संपला नाही. १९७८ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेने विभाग १-एएची पहिली अजिंक्यपद स्पर्धा घेतली, तेव्हा मॅसॅच्युसेट्सला ३५-२८ असं हरवून ती फ्लोरिडा ए अँड एमनेच जिंकली. गेथर तेव्हा निवृत्त होते, आणि हयात होते.