१९८२ची दक्षिण आफ्रिका ग्रां प्री

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या १९८२च्या हंगामाचा प्रारंभ २३ जानेवारी रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे झाला. मात्र ही शर्यत होणार की नाही, हाच प्रश्न दोन दिवस आधी उभा राहिला होता. चालकांच्या नव्या परवान्यात त्यांना एकाच संघाशी बांधून ठेवणारी अट होती. तिच्या निषेधार्थ निकी लाउडा व दिदिए पिरोनी यांच्या पुढाकाराने बहुतेक चालकांनी सरावावर बहिष्कार टाकला आणि जोहान्सबर्गमधील एका हॉटेलच्या दालनात एकत्र रात्र काढली. एलिओ दे अँजेलिस यांच्या पियानोवादनाने तेथील ताण काहीसा हलका झाला. दुसऱ्या दिवशी तडजोड होऊन चालक परतले.

क्यालामी समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत साध्या इंजिनांची शक्ती घटते; हवा दाबून आत घेणाऱ्या टर्बो इंजिनांना मात्र ही झळ कमी बसते. साहजिकच प्रारंभरेषेवरील पहिली सहाही स्थाने टर्बो मोटारींना मिळाली. शर्यतीत आघाडीवर असलेल्या रेनो संघाच्या ॲलें प्रॉस्ट यांचे टायर ४१व्या फेरीत निकामी झाले आणि ते आठव्या स्थानी फेकले गेले. नवे टायर बसवून त्यांनी एकेकाला मागे टाकले व ७७ फेऱ्यांची शर्यत जिंकली. कार्लोस रॉयटेमान दुसरे, रेने आर्नू तिसरे, तर दोन वर्षांहून अधिक काळानंतर पुनरागमन करणारे लाउडा चौथे आले.

शर्यत संपताच संपकरी चालकांचे परवाने निलंबित झाल्याचे जाहीर करण्यात आले. पुढे अपिलात ही शिक्षा सौम्य झाली.